अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा

पैठण,
६ जानेवारी १९६८

कय्युमभाई,

द्वारकाचा रामराम. ईद होऊन गेली आणि माझा निरोपसुद्धा तुम्हाला पोचला नाही, याची लाज वाटते. जमिलाभाभी गेल्यानंतरची तुमची ही पहिलीच ईद. शीरखुर्मा कोणी केला? तिथं तुमच्या भाच्याच्या, निजामुद्दीनच्या घरी गेला असाल असं धरून चालले आहे.

आता कामाचं सांगते. इथं धरणाच्या कॅम्पावर नवे साहेब आले आहेत. कॅम्पावरची चाळीस माणसं दोन पंगतींत माझ्या खाणावळीत जेवतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा साहेबांनी ऑफिसच्या दारावर इंग्रजीत नोटीस लावली. कारकुनानं वाचून सांगितलं की, इथून पुढं मेस ज्याच्याकडे द्यायची त्याच्या स्वयंपाकघरात हायजीन पाहिजे. बुधवारी, २४ तारखेला पाहणी आहे. हायजीन नाही निघालं तर मेस काढून घेणार आणि मुंबईकडचा कोणी कंत्राटदार आणणार.

हे हायजीन म्हणजे काय हो? कारकून म्हणाला, "स्वच्छता, बाई." पण साहेब साताऱ्याकडचे आहेत, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलतात. ज्या अर्थी त्यांना घरचा शब्द पुरला नाही, त्या अर्थी ह्या शब्दात काहीतरी जास्तीचं असणार. स्टँडवरचा सांडू हॉटेलवाला म्हणतो, फिनेलला हायजीन म्हणतात. माझ्याकडे भाकरी थापायला येणारी भागूबाई, तिचं तर ठाम मत आहे की, ते एक मशीन आहे आणि ते मुंबईहूनच आणावं लागतं.

हसू नका. मेस गेली तर आमचे मास्तर गेल्यावर इथं येऊन मांडलेली ही खाणावळ मला उचलावी लागेल आणि अंबरनाथला पुंजारामच्या दोन खोल्यांत जाऊन राहावं लागेल. पोरगा गुणाचा आहे, सूनही चांगली आहे. "आई, आता बसून खा," असं दर पत्रात लिहितो. पण मला बसून खायची सवय नाही, बसवून वाढायची आहे. तिथं जाऊन मी खिडकीशी बसले की दोन महिन्यांत संपेन.

तुम्हाला आठवतं का, पोलिस ॲक्शननंतर खुलताबादची शाळा उर्दूची मराठी झाली, तेव्हा तुमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आमचे मास्तर आणि तुम्ही एकाच शाळेत, पण त्यांना मराठी यायची आणि तुम्हाला अलिफ-बेच्या पलीकडे काही दिसायचं नाही. मग तुम्ही पाटी घेऊन आमच्या ओसरीवर माझ्यापुढं बसायचात. मी नेवाशाची, मराठी चौथी पास, त्या जोरावर तुमची मास्तरीण झाले. रोज पाच शब्द द्यायचे आणि सांगायचे, "अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा." बरोबर आलं तर गेरूनं खूण करायचे. 'हुरहूर' या शब्दाचं तुमचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'माझ्या बकरीला हुरहूर झाली म्हणून मी तिला दवाखान्यात नेले.' आमचे मास्तर आणि जमिलाभाभी तीन दिवस हसत होते.

आता माझी पाळी आली. शब्द: हायजीन. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. लवकर लिहा.

पोटभर जेवत जा.
द्वारका


औरंगाबाद,
१० जानेवारी १९६८

मास्तरीणबाईंच्या खिदमतीत कय्युमचा सलाम!

वहिनी, बकरीचा विषय अठरा वर्षांनी काढलात. उस्तादानं शागिर्दाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडू नये. ती बकरी खरोखर आजारी होती, एवढंच सांगतो.

इकडे सगळी खैरियत. ईद निजामुद्दीनकडे मजेत झाली. जेवणाची फिकीर करू नका. स्टेशनरोडला एक नवं हॉटेल निघालं आहे, दोन्ही वेळा तिथंच जातो. एकट्या माणसानं चूल फुंकत बसण्यात काय अर्थ आहे?

तुमच्या शब्दाची मी बाकायदा तहकीकात केली. डिक्शनरी उघडली. शिवाय त्या हॉटेलाच्या पाटीवरसुद्धा हाच शब्द मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेला आहे, म्हणून पुरावाही तपासला. भिंतींना आरसे, टेबलांना संगमरवर, पोऱ्यांच्या अंगात पांढरे कोट, आणि पाण्याचे ग्लास असे की उजेडात धरले तर डोळे दिपतात. तेव्हा माझा निकाल असा. हायजीन म्हणजे साधी सफाई नव्हे, सफाईची चमक. कारकुनाचं निम्मं बरोबर आहे. भागूबाईंना सांगा, मशीन नाही.

वाक्यात उपयोग: 'त्या हॉटेलात इतकं हायजीन होतं की मला माझी दाढी एका वेळी चार ठिकाणी दिसली.'

तुमच्या खाणावळीत उणं काय आहे? जे जे काळपट, जुनाट, ठिगळाचं दिसतं ते साहेबाच्या नजरेआड करा. भांड्यात साहेबाला आपल्या मिशा दिसल्या की मेस तुमचीच समजा.

गेरू भिजवून ठेवा.
कय्युम


पैठण,
१५ जानेवारी १९६८

कय्युमभाई,

सोबत तिळगूळ पाठवला आहे. निजामुद्दीन रोज तुमच्या गावाला गाडी घेऊन येतो, त्याच्या कंडक्टरच्या पेटीत पुडी टाकली आहे. वाटेत त्यानं खाल्ली नाही तर पोचेल.

तुमचं पत्र सगळ्या पंगतीनं ऐकलं. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, अक्षर तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय मला ते दिसतच नाही. दाढीच्या वाक्याला एका ओव्हरसियरच्या नाकातून ताक आलं.

पण शब्द एकदम पटला. कारकुनाचा अर्थ मला पोचत नव्हता, तुमचा पोचला. चमक! लागलीच कामाला लागले. भिंतींना दोनदा चुना दिला. शहाबादी फरशी विटकरीनं घासली. पितळेची भांडी चिंचेनं अशी काढली आहेत की मांजर त्यांच्याकडे बघून फिस्कारतं. चुलीलासुद्धा पांढरा हात दिला. भागूबाई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ही चूल हाय का कुणाची समाधी?"

तुम्ही म्हणालात तसं काळपट आणि ठिगळाचं सगळं हलवते आहे. सगळ्यांत आधी ते काळं तपेलं. तुम्हाला आठवतं ना? पटकीची साथ आली त्या साली जमिलाभाभींनी स्वतः आमच्याकडे आणून दिलेलं. तेव्हापासून पिण्याचं पाणी त्यातच उकळते, म्हणून ते बुडापासून काठापर्यंत कोळसा झालं आहे. सासूबाई आधी नाक मुरडायच्या, पण वाडीत माणसं गेली आणि आमच्या घरात एकाचंही पोट बिघडलं नाही, तेव्हापासून त्याच मागून घ्यायच्या, "मला जमिलाचं पाणी दे." तेच नाव पडलं. आता कॅम्पावरची माणसंसुद्धा तेच म्हणतात. जमिला कोण, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

तर ते तपेलं हलवलं. रांजणाच्या तोंडाला बांधायचं गाळणीचं फडकं रोज धुऊन धुऊन ठिगळांचं झालं आहे, तेही काढलं. पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं पोचे पडलेलं आहे, तेही. मोरीपाशी सुतळीला साबणाचा तुकडा टांगलेला असतो. हात धुतल्याशिवाय मी कोणाला पानावर बसू देत नाही. पण लोंबता साबण काही शोभेचा नाही, म्हणून तोही काढला. सगळं भिंतीपलीकडे भागूबाईच्या घरात ठेवलं. रांजणाच्या जागी पितळी घागर ठेवली आहे, उघड्या तोंडाची, म्हणजे आतली चमकही दिसेल, आणि बुडवून घ्यायला नवा तांब्या.

आणि एक युक्ती काढली आहे, कोणाला सांगू नका. पाहणीच्या दिवशी इथं चूल पेटवायचीच नाही. आदल्या रात्रीच चुलीला पुन्हा चुना द्यायचा आणि सगळा स्वयंपाक भागूबाईकडे. साहेब येईल तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात धुराची रेघसुद्धा दिसणार नाही.

कशी आहे तुमची शागीर्द?
द्वारका

ता. क. त्या हॉटेलात रोज जाऊ नका. चमक बघायला आठवड्यातून एकदा पुरे.


औरंगाबाद,
२३ जानेवारी १९६८

वहिनी,

थांबा! काही हलवू नका. हलवलं असेल ते परत आणा. हे पत्र टपालात टाकलं तर वेळेत पोचणार नाही, म्हणून निजामुद्दीनच्या हातात देतो आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं तो तुमच्या दारात येईल.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात होतो. जुलाब आणि ताप. त्या चार आरशांच्या हॉटेलानं दगा दिला. आता बरा आहे, आज उठून बसलो आणि पत्र वाचलं. इथल्या डॉक्टरांनी मला दरडावलं, "मास्तर, हायजीन कशाशी खातात ते ठाऊक आहे का तुम्हाला?" मी ताठ बसून सांगितलं, "चमक." डॉक्टर इतका हसला की नर्स धावत आली.

मग त्यानं विचारायला सुरुवात केली. पाणी उकळता का? गाळता का? हात न बुडवता काढता का? जेवणाआधी साबण लावता का? अन्न झाकता का? आणि वहिनी, त्याचा तिसरा सवाल पुरा व्हायच्या आत चौथा मीच बोललो. पाचवाही मीच. कारण हे सगळं मला तोंडपाठ होतं. निजामाच्या अमदानीत आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना एक विषय असायचा, हिफ्जान-ए-सेहत, म्हणजे तब्येतीची राखण. अकरा वर्षं मी तो शिकवला. छडी घेऊन शिकवला! पटकीच्या साली तेच किताब घेऊन घरोघर फिरलो. जमिलानं माझ्याकडून ऐकलं आणि तपेलं घेऊन तुमच्या घरी आली. तोच विषय इंग्रजी टोपी घालून समोर आला आणि मी त्याला ओळखलं नाही.

आता खरा अर्थ लिहून घ्या. हायजीन म्हणजे घर बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी नसतं, जेवणाऱ्याच्या पोटासाठी असतं. ज्या ज्या वस्तू मी तुम्हाला लपवायला लावल्या, तेच हायजीन आहे. काळं तपेलं परत चुलीवर ठेवा. ठिगळांचं फडकं रांजणाला बांधा. पोचे पडलेलं ओगराळं खुंटीला लावा. साबण सुतळीला टांगा. चुन्याच्या चुलीत जाळ घाला. साहेबाला मिशा दिसल्या नाहीत तरी चालतील.

तुमच्या चुलीपाशी हायजीन पंचवीस वर्षांपासून आहे. तुम्हाला फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असायला हवं होतं.

घाईत आहे. गाडी सुटेल.
कय्युम


पैठण,
२५ जानेवारी १९६८

कय्युमभाई,

आधी हे सांगा, दवाखान्यातून घरी आलात का? आणि दवाखान्यात होतात हे मला आठ दिवसांनी का कळतं?

तुमचं पत्र पोचलं. केव्हा पोचलं ते ऐका.

काल साहेब साडेदहाला आले. बरोबर कॅम्पाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई होत्या. त्या येणार हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी दारातच "वा!" केलं. भांड्यांत त्यांना मिशा दिसल्या, तिथंपर्यंत तुमचा अंदाज खरा ठरला. पण डॉक्टरबाई सरळ चुलीकडे गेल्या. त्यांनी चुलीवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालं. मला विचारलं, "बाई, ही चूल कधी पेटली होती?"

मी म्हणाले, "पहाटेच सगळं उरकतो आम्ही." असं धडधडीत खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

मग त्यांनी पाणी मागितलं. मी नवा तांब्या घागरीत बुडवला आणि माझी चार बोटं पाण्यात गेली. पंचवीस वर्षांत बोटं कधी पिण्याच्या पाण्याला लागली नव्हती, मलाच कसंतरी झालं. डॉक्टरबाईंनी तांब्या हातात घेतला, बघितला आणि न पिता खाली ठेवला. साहेबांना म्हणाल्या, "घर सुंदर आहे. पण मी हे बघायला आले नव्हते." दोघं दाराकडे वळले. अंबरनाथची खिडकी डोळ्यांपुढं दिसायला लागली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि पाठोपाठ भागूबाईचा खणखणीत आवाज. "बाई, भाकरी किती थापू वं? गेलं का त्ये सायेब?"

धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. साहेब माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे बघते. आणि त्याच वेळी निजामुद्दीन खाकी कपड्यांत धापा टाकत दारात उभा. "खाला, मामूने भेजा है, अभी के अभी पढो!" गाडी बिडकीनला पंक्चर झाली होती म्हणून त्याला उशीर झाला.

काहीतरी वाईट झालं असं समजून मी तिथंच उघडलं आणि वाचायला लागले. आणि मी कशी वाचते ते तुम्हाला ठाऊक आहे. "वहिनी, थांबा!" इथपासून "गाडी सुटेल" इथपर्यंत, आरसे, जुलाब, हिफ्जान-ए-सेहत, सगळं मोठ्यानं. साहेबांच्या मिशांवर आले तेव्हा जीभ अडखळली, पण पुढं गेले. संपवलं आणि पत्राची घडी घातली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते काळं तपेलं कुठं आहे?"

मी त्यांना भागूबाईकडे नेलं. चुलीवर तपेलं खदखदत होतं. रांजणाला फडकं बांधलेलं, खुंटीला ओगराळं, दाराशी सुतळीला साबण. भाजी झाकलेली, पिठलं झाकलेलं, भाकरीच्या टोपलीवर धुतलेलं धडपं. भागूबाईनं सगळं रोजच्यासारखंच मांडलं होतं. तिला डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी का उकळता?" ती म्हणाली, "त्ये जमिलाचं पानी हाय. त्ये असंच करत्यात. न्हाय केलं तर बाई पानावर बसू देत नाय. आन् तुमीबी आधी हात धुवा."

साहेबांनी मुकाट्यानं हात धुतले, कय्युमभाई! डॉक्टरबाईंनी ओगराळ्यानं पाणी घेतलं आणि दोन ग्लास प्यायल्या. मग मला विचारलं, "ही जमिला कोण?"

मी तपेल्याखालचं लाकूड पुढं सारलं. निजामुद्दीननं सांगितलं, "मेरी मामी थी."

जाताना साहेबांनी वहीत बरंच काही इंग्रजीत लिहिलं. काय लिहिलं ते बोलले नाहीत. खोटं बोललेली बाई मेस चालवायला ठेवतात की नाही, कोण जाणे. निकाल आठ-दहा दिवसांनी. मी चूल पेटवली आहे. चुना सगळा तडकला.

द्वारका


औरंगाबाद,
२९ जानेवारी १९६८

वहिनी,

घरी आलो आहे. प्रकृती उत्तम. निजामुद्दीन सारखा येतो, हवं-नको बघतो. काळजीचं कारण नाही.

तुम्ही खोटं बोललात त्याचा गुनाह माझ्या खात्यावर टाका, कारण पहिलं खोटं माझं आहे. मी डिक्शनरी उघडली नव्हती. उघडण्यासारखी राहिलेलीच नाही. गेल्या पावसाळ्यात तिला वाळवी लागली आणि एफपासून केपर्यंतची पानं तिनं खाऊन टाकली. म्हणजे हायजीनचा अर्थ या घरात एकट्या वाळवीला ठाऊक होता. तुम्हाला "ठाऊक नाही" असं लिहायला पाहिजे होतं. पण ओसरीवर पाटी घेऊन बसलेल्या माणसाला अठरा वर्षांनी उस्ताद व्हायची संधी मिळाली, आणि ती सोडवली नाही. माझी ही शान तुमच्या मुळावर आली.

साहेबाला मी स्वतः खत लिहू का? लिहितो की कसूर माझा आहे, या बाईंचा नाही. तुम्ही म्हणाल त्या भाषेत लिहितो. मराठीतच लिहीन, ती तुमच्याकडून शिकलेली आहे, तिच्यात चुका कमी होतात.

निकालाची वाट बघतो आहे. झोप नीट लागत नाही.
कय्युम


पैठण,
६ फेब्रुवारी १९६८

कय्युमभाई,

मेस राहिली!

काल कागद आला. कारकुनानं वाचला तेव्हा भागूबाई परातीत हात तसेच ठेवून ऐकत होती. मेस माझ्याकडेच. कागदाच्या खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं मराठीत दोन ओळी लिहिल्या आहेत. 'पाहणी मागच्या घरी झाली. पुढच्या घरानेही मागच्या घरासारखे राहावे.' डॉक्टरबाईंची एकच अट आहे, काळं तपेलं दर्शनी ठेवायचं. आता ते पंगतीच्या समोर, सगळ्यांना दिसेल असं आहे. पुंजारामला लिहिलं, "बाळा, तुझी खिडकी तुझ्या सासूबाईंना दे."

आता तुमच्याकडे वळते. निजामुद्दीन परवा जेवायला बसला होता. मी विचारलं आणि पोरगं खोटं बोलू शकलं नाही. तुम्ही ईदला त्याच्याकडे गेला नव्हता. कोणाकडेच गेला नव्हता. जमिलाभाभी गेल्यापासून तुमच्या घरी चूल पेटलेली नाही. आणि पाणी? अख्ख्या खुलताबादला पाणी उकळायला लावणारा माणूस स्वतः नळाचं तसंच पितो, हॉटेलात मिळेल ते खातो आणि मला "खैरियत" म्हणून लिहितो! मला राग आला आहे, तो पत्रात मावत नाही.

म्हणून नीट ऐका. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ते पत्र लिहिणारे मास्तर कोण? आम्ही सांगून थकलो, पण अर्थ असा सांगता येत नाही आम्हाला." कॅम्पावर दोनशे घरं आहेत, मराठी बोलणारी, उर्दू बोलणारी. पोरं आजारी पडतात. आठवड्यातून तीन दिवस कोणीतरी बायाबापड्यांना हे दोन्ही भाषांत समजावून सांगायला हवं आहे. मी म्हणाले, आणते. तुम्हाला न विचारताच म्हणाले. निजामुद्दीनच्या इथल्या बिऱ्हाडात तुमची खोली झाडून ठेवली आहे, दोन वेळचं जेवण माझ्याकडे.

आणि तुमची परीक्षा अजून बाकी आहे. तुम्ही अर्थ सांगितलात, वाक्यात उपयोग केला नाहीत. दाढीचं वाक्य मी बाद केलं आहे. शब्द तोच. नवीन वाक्य पाठवा.

द्वारका


औरंगाबाद,
९ फेब्रुवारी १९६८

वहिनी,

मेस राहिल्याचं वाचलं आणि मोठ्यानं "शाबास!" ओरडलो. शेजारचे बघायला आले.

बाकी जे लिहिलंत ते सगळं खरं आहे. कबूल. जमिला गेली आणि मला त्या चुलीपुढं उभं राहवेना. पाणी उकळायला ठेवलं की ती मागून म्हणायची, "अजून बुडबुडे आले नाहीत, घाई कशाला?" आता ते कोण म्हणणार, म्हणून ठेवतच नव्हतो. काल तुमचं पत्र वाचून पाणी ठेवलं. बोट भाजलं, पण उकळलं.

कॅम्पाचं मात्र जमेल असं वाटत नाही. मी किताबातून शिकवायचो, पोरं घोकायची आणि विसरायची. लोकांच्या घरात ते पोचवलं जमिलानं. खरी शिकवणारी ती होती. तिच्यावाचून मी तिथं येऊन काय सांगू?

वाक्य मागितलंत. रात्री दोन तास बसून केलं आहे.

'जमिलाच्या घरात हायजीन होतं, आणि ते तिच्याबरोबर गेलं.'

चूक असेल तर दुरुस्त करा.
कय्युम


पैठण,
११ फेब्रुवारी १९६८

कय्युमभाई,

वाक्य चुकलं. गेरूची खूण करणार नाही.

ते तिच्याबरोबर गेलेलं नाही. आज दुपारी चाळीस माणसांनी जमिलाचं पाणी मागून घेतलं, आणि काल साहेबांच्या बायकोनं भागूबाईला विचारून तसंच फडकं शिवून नेलं. कॅम्पावरच्या घराघरांत पोचवायचं राहिलं आहे ते तुमच्या मराठीनं, आणि ती तुम्हाला मी शिकवली आहे, त्यामुळं ती वाया जाऊ देणार नाही.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं या. निजामुद्दीन तुमची पेटी उचलेल. तुमच्या पानाजवळ जमिलाच्या पाण्याचा गडवा भरून झाकून ठेवते. तो पिऊन झाला की वाक्य इथं बसून पुन्हा करायचं आहे.

येताना पाटी आणा. बकरी असेल तर तीही चालेल, इथं दवाखाना जवळ आहे.

द्वारका